पावसाळ्यापासून स्टिरिओत शिट्टी, फाटका आवाज आणि उतरणारी बॅटरी : सगळी यंत्रणा बदलावी का?

विक्रोळी_हॅचबॅक (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१८ सालची, सीएनजीवर चालणारी लहान हॅचबॅक आहे. डिकीत सिलिंडर असल्यामुळे तेथे वूफरला, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरला, जागा उरत नाही, म्हणून दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून अँड्रॉइड स्क्रीन, पुढच्या दरवाज्यांत कंपोनंट स्पीकर (बारीक स्वरांचा ट्विटर वेगळा असलेले), चालकाच्या सीटखाली चार चॅनेलचा, आवाजाची शक्ती वाढवणारा अ‍ॅम्प आणि शेजारच्या सीटखाली स्वतःच्या अ‍ॅम्पसह येणारा चपटा वूफर असे सर्व साहित्य एकदमच बसवून घेतले. गाडी सोसायटीच्या आवारात उघड्यावर उभी असते आणि कामाच्या दिवशी विक्रोळी ते लोअर परळ असा प्रवास होतो.

या पावसाळ्यात एकामागून एक तक्रारी सुरू झाल्या. इंजिन चालू केले की स्पीकरमधून शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की तो चढतो आणि स्क्रीनवरील आवाज शून्यावर आणला तरी थांबत नाही. डाव्या दरवाज्याच्या स्पीकरमधला खर्ज जवळजवळ नाहीसा झाला असून तबल्याच्या डग्ग्याला तो खरखरतो. गाडी शनिवार-रविवार जागेवर राहिली की सोमवारी सकाळी बॅटरी उतरलेली असते. मेकॅनिकने बॅटरी बदलून दिली, तरी फरक पडलेला नाही. यात जुनी तक्रार एफएमची आहे. वडिलांना आकाशवाणीचे एफएम गोल्ड लागते, परंतु स्क्रीन बसवल्यापासून १००.७ वर सतत खरखर असते. कंपनीच्या जुन्या डेकवर तेच केंद्र स्वच्छ लागत असे.

दुकानदाराचे म्हणणे असे की पावसाने सगळेच खराब झाले आहे, तेव्हा स्पीकर, अ‍ॅम्प आणि वूफर तिन्ही बदलावेत. त्याने सांगितलेली रक्कम पहिल्या खर्चाच्या जवळपास जाते. एवढा खर्च करण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे हे मला घरच्या घरी तपासता येईल का, आणि पुढे ही यंत्रणा मुंबईच्या हवेत टिकवायची तर काय काळजी घ्यावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ऑटोइलेक्ट्रिक_माटुंगा

आपण केलेल्या वर्णनावरून शिट्टी, बॅटरी आणि एफएम या तीनही तक्रारी वायरिंगच्या वाटतात. डाव्या स्पीकरची तक्रार बहुधा पाण्याची आहे. अ‍ॅम्प बदलण्याचा विचार तूर्त मनातून काढून टाकावा.

सर्वांत आधी एक गोष्ट पाहावी, कारण तिचा संबंध आवाजाशी नसून सुरक्षिततेशी आहे. अ‍ॅम्पची जाड वायर बॅटरीच्या धन टोकावरून निघते. त्या टोकापासून फार तर दीड फुटाच्या आत तिच्यावर फ्यूज असला पाहिजे. तो नसेल, किंवा अ‍ॅम्पजवळ असेल आणि बॅटरीजवळ नसेल, तर फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकातून जाणारी वायर पत्र्याला घासून उघडी पडताक्षणी सगळा प्रवाह तिच्यातूनच वाहील आणि ती पेट घेईल. सीएनजीच्या गाडीत अशी वायर एक दिवसही ठेवू नये. ती वायर भोकातून जाते तेथे रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारे कडे, आहे की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.

आता बॅटरी. लहान हॅचबॅकची बॅटरी साधारणतः ३५ अँपिअर-तासांची असते. बंद गाडीतील घड्याळ, अलार्म वगैरे मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत प्रवाह ओढला जाणे ठीक मानतात. त्या हिशेबाने दिवसाला सव्वा अँपिअर-तास खर्च होतो आणि गाडी दोन आठवडे सहज उभी राहू शकते. उलट, अ‍ॅम्प रात्रंदिवस जागा राहिला आणि त्याने काहीही न वाजवता अर्धा अँपिअर जरी ओढला, तरी दिवसाला १२ अँपिअर-तास जातात. म्हणजे शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारी सकाळी चालू होणार नाही. आपली तक्रार नेमकी हीच आहे, आणि नवी बॅटरीही त्याच वेगाने उतरणार.

अ‍ॅम्प जागा राहण्याचे कारण बहुतेक वेळा डेकच्या मागे सापडते. बाहेरून घेतलेल्या डेकवर, म्हणजे आपल्या स्क्रीनवर, पिवळी वायर कायमच्या १२ व्होल्टची, लाल वायर किल्लीने चालू-बंद होणारी, काळी अर्थची (गाडीच्या पत्र्याला जोडायची), आणि निळी-पांढरी वायर अ‍ॅम्पला चालू होण्याचा संकेत देणारी असते. गाडीच्या कपलरमध्ये (वायरींच्या प्लगमध्ये) किल्लीची वायर शोधण्याचा कंटाळा आला की काही जण लाल आणि पिवळी वायर एकत्र पिळून त्यावर टेप गुंडाळतात. मग डेकला किल्ली काढल्याचे कधीच कळत नाही आणि निळ्या-पांढऱ्या वायरीवरचा संकेत कायम राहतो. गाडी बंद करून, कुलूप लावून तासाभराने सीटखाली पाहावे. अ‍ॅम्पचा बारीक दिवा लागलेला असेल किंवा त्याचे धड कोमट लागत असेल, तर उत्तर मिळाले. वूफरचा अ‍ॅम्पही तसाच पाहावा. दोन्ही थंड असतील तर स्क्रीनच्या सेटिंगमध्ये जावे. बऱ्याच अँड्रॉइड स्क्रीन किल्ली काढल्यावर पूर्ण बंद न होता झोपेच्या अवस्थेत राहतात, म्हणजे पुढच्या वेळी चटकन उघडतात. किती वेळाने पूर्ण बंद व्हायचे हे तेथे ठरवता येते आणि उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी ती मुदत कमीत कमी ठेवावी.

मल्टिमीटर असेल तर बॅटरीचे ऋण टोक सोडवून, वायर आणि टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्ट्यात जोडावा आणि गाडीची सर्व मॉड्यूल झोपी जाण्यासाठी अर्धा तास थांबावे. मीटर जोडलेला असताना किल्ली फिरवू नये, नाही तर मीटरचा फ्यूज उडेल. आकडा मोठा दिसला तर एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजला आकडा पडतो, ती वाट चोराची.

शिट्टीविषयी. अल्टरनेटरमधून येणाऱ्या विजेत बारीक लहरी असतात आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर त्यांचा स्वर चढतो. डेक आणि अ‍ॅम्प यांचे अर्थ एकाच पातळीवर असतील, तर त्या लहरी आवाजात उतरत नाहीत. अ‍ॅम्पचा अर्थ कच्चा झाला की त्याचा परतीचा प्रवाह आरसीए केबलच्या (डेककडून आवाजाचा संकेत आणणाऱ्या केबलच्या) बाहेरच्या जाळीतून वाट काढतो आणि शिट्टी ऐकू येऊ लागते. आवाज शून्यावर असतानाही शिट्टी येते असे आपण लिहिले आहे, त्याअर्थी ती डेकच्या आवाज-नियंत्रणाच्या पुढे कोठेतरी शिरते आहे, आणि तेवढ्यावरून मी पहिला संशय अ‍ॅम्पच्या अर्थवर घेईन. 'अर्थ काय, पत्रा दिसेल तेथे मिळतो,' असे म्हणून सीटच्या रुळाच्या बोल्टखाली लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) दाबून टाकणारे कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. त्या बोल्टखाली रंग असतो, कालांतराने गंज चढतो, आणि सीट धरून ठेवणारा बोल्ट या कामासाठी वापरणेच मुळात अयोग्य आहे. अर्थची वायर दीड फुटाहून लांब नसावी, धन वायरीइतकीच जाड असावी, आणि ती ज्या जागी बसते तेथला रंग सँडपेपरने घासून पत्रा चकचकीत करून, बोल्ट आवळून झाल्यावर वरून ग्रीसचा किंवा रंगाचा हात द्यावा. समुद्रावरून येणाऱ्या हवेत उघडा पत्रा एका पावसाळ्यात तांबूस होतो.

खात्री करून घ्यायची असेल तर गाणे मोठ्याने चालू ठेवून अ‍ॅम्पचे अर्थचे टोक आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात व्होल्टेज मोजावे. ते ०.१ ते ०.२ व्होल्टच्या आत असावे. त्याहून अधिक असेल तर जोड खराब आहे. मात्र अ‍ॅम्पला वीज चालू आणि आरसीए जोडलेली असताना अर्थची वायर कधीही सोडवू नये. तो सगळा प्रवाह आरसीएच्या जाळीतून डेकमध्ये जातो, आतली बारीक अर्थपट्टी जळते आणि मग शिट्टी कायमची मुक्कामाला येते.

अर्थ ठीक निघाला तर आरसीए केबल आणि जाड वायर एकाच बाजूने गालिच्याखालून नेल्या आहेत का, हे पाहावे. एक उजवीकडून आणि दुसरी डावीकडून न्यावी. शिट्टी दाबणारे फिल्टर मिळतात, ते मी सहसा सुचवत नाही, कारण दोष जागेवरच राहतो आणि खर्जही थोडा कमी होतो.

एफएमचे कारण साधे आहे. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत छपरावरच्या आखूड अँटेनाच्या पायथ्याशी लहानसा सिग्नल वाढवणारा अ‍ॅम्प असतो आणि त्याला डेककडून १२ व्होल्ट लागतात. कंपनीच्या डेकला ते कपलरमधूनच मिळत होते. नवी स्क्रीन बसवताना त्यासाठी अँटेनाच्या अडॅप्टरवरील निळी वायर वेगळी जोडावी लागते आणि घाईत तीच राहून जाते. ती जोडूनही खरखर राहिली तर मोबाइलचा चार्जर आणि डॅशकॅम काढून पाहावे. स्वस्त चार्जर एफएमच्या पट्ट्यात बराच गोंगाट करतात.

जाता जाता आणखी एक तपासणी करावी. जाड वायरीचे टोक ब्लेडने हलकेच खरवडावे. आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनिअमची आहे. तांब्यापेक्षा तिचा रोध बराच अधिक असतो आणि दमट हवेत तिचे जोड पांढऱ्या भुकटीने भरून जातात. तशी निघाल्यास वायर बदलावी. चार-पाच मीटर शुद्ध तांब्याची वायर लॅमिंग्टन रोडला मिळेल आणि नव्या अ‍ॅम्पच्या तुलनेत ती काहीच महाग नाही.

ठाणे_हौशी_सुतार

वरील सर्व मुद्द्यांशी सहमत आहे, म्हणून केवळ दरवाज्याविषयी लिहितो.

गाडीच्या दरवाज्यात पाणी जातेच. काचेच्या बाहेरच्या रबरातून ते आत उतरते आणि दरवाज्याच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडते. रचनाच तशी केलेली असते. आतल्या पॅडमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा हे पाणी केबिनपासून दूर ठेवतो. स्पीकर बसवणारा माणूस हात घालण्यासाठी तो पडदा फाडतो आणि परत चिकटवत नाही, किंवा डॅम्पिंगची (पत्र्याची थरथर दाबणारी) शीट लावताना तळाची भोके बुजवून टाकतो. मग स्पीकरच्या कोनाच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या शंकूच्या, मागच्या बाजूवर थेंब पडत राहतात, कॉइलच्या फटीत गंज धरतो, आणि आपण म्हणता तशी खरखर सुरू होते.

पाऊस पडून गेल्यावर डावा दरवाजा अर्धा उघडून हलकेच मागेपुढे हलवावा. आत पाणी खळखळले तर भोके तुंबलेली आहेत. ती मोकळी करण्यासाठी प्लास्टिकचा केबल टाय वापरावा. स्क्रूड्रायव्हर घातला की आतला रंग निघतो आणि पुढच्या वर्षी दरवाज्याची खालची कड कुजते. झाडाखाली गाडी उभी राहत असेल तर गुलमोहराची बारीक पाने या भोकांचा पुरेपूर समाचार घेतात, तेव्हा मे महिन्याच्या अखेरीस एकदा ती साफ करावीत.

पॅड उघडल्यावर स्पीकरखालची रिंग पाहावी. एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) कच्ची रिंग पाण्याने फुगून भाकरीसारखी टम्म होते, स्क्रू सैल पडतात आणि स्पीकरचा मागचा आवाज पुढच्यात मिसळून खर्ज नाहीसा होतो. त्या जागी प्लास्टिकची किंवा पीव्हीसीची रिंग घालावी. पडदा ब्युटिलच्या (चिकट रबराच्या) पट्टीने पुन्हा चिकटवावा, आणि स्पीकरच्या मागे वरच्या अर्ध्या भागावर प्लास्टिकची लहानशी पडवी काढावी, म्हणजे थेंब बाजूने ओघळून जातील. पुढे कधी स्पीकर घ्यावे लागलेच, तर साध्या कागदाचा कोन आणि फोमची कड टाळून पॉलिप्रॉपिलीनचा कोन आणि रबराची कड असलेले घ्यावेत. कागदी कोनाचा आवाज काहींना अधिक गोड वाटतो, मलाही वाटतो. परंतु तो घराच्या दिवाणखान्यात.

डॅम्पिंगच्या शीटवर दुकानदार फार भर देतात. ब्युटिलची असेल तर जरूर लावावी, दरवाज्याचा पत्रा थरथरत नाही आणि रस्त्याचा आवाजही कमी होतो. डांबराची स्वस्त शीट मात्र मे महिन्याच्या उन्हात मऊ होऊन घसरते आणि गाडीत तिचा वास भरून राहतो.

आवाज कमी होण्यामागे आणखी एक शक्यता असते, ती म्हणजे एका स्पीकरची धन-ऋण उलटी जोडणी. दोन्ही स्पीकर चालू असताना खर्ज कमी आणि बॅलन्स पूर्ण एका बाजूला नेल्यावर खर्ज वाढला, तर ती आहे असे समजावे. आपल्याकडे दोष पावसाळ्यातच सुरू झाला असल्यामुळे हे संभवत नाही, तरी पॅड उघडलाच आहे तर पाहून घ्यावे.

हिंदमाता_जवळचा

सीटखालच्या वूफरविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. सीएनजीच्या गाडीत दुसरी जागा नसते हे खरे, पण गाडीत पाणी शिरले तर ते पहिल्यांदा नेमके तेथेच पोहोचते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा दिवस क्वचित येतो, पण हिंदमाता, किंग्ज सर्कल किंवा मिलन सबवेला दरवाज्याच्या उंबऱ्यापर्यंत पाणी चढायला तेवढा पाऊस लागत नाही. माझा सल्ला असा की जूनच्या पहिल्या आठवड्यात वूफरचा कपलर काढावा, पट्टे सोडवावेत आणि वूफर घरातल्या कपाटावर ठेवून सप्टेंबरअखेर परत बसवावा. कपलरच्या उघड्या टोकावर टेप आणि पिशवी गुंडाळावी आणि त्याच्या वायरीचा फ्यूज काढून ठेवावा.

पाणी शिरलेच, तर काही वाजते का पाहण्यासाठी किल्ली फिरवण्याचा मोह टाळावा. बॅटरीचे ऋण टोक सोडवावे, अ‍ॅम्प बाहेर काढावा आणि वीज न देता तो जाणत्या कारागिराकडे न्यावा. तो पेटी उघडून पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतो. भिजलेला अ‍ॅम्प बाहेरून कोरडा दिसला तरी गटाराच्या पाण्याचा थर पट्टीवर राहतो आणि वीज मिळाल्यावर तेथेच शॉर्ट होतो. गालिच्याखालचा स्पंजही उचलून पाहावा. वरून कोरडा वाटणारा गालिचा खाली कित्येक दिवस ओला असतो आणि त्या ओलीने सीटखालचे सगळे कपलर हिरवे पडतात.

ऑटोइलेक्ट्रिक_माटुंगा

वूफर चार महिने काढून ठेवण्याचा सल्ला ज्यांची गाडी सखल भागात उभी राहते त्यांना योग्य आहे, सर्वांना नव्हे. दर वर्षी कपलर काढ-घाल केल्याने त्याच्या पिना सैल होतात आणि नवाच दोष उद्भवतो. विक्रोळीच्या आवारात पाणी तुंबत नसेल, तर अ‍ॅम्प आणि वूफर दोन्ही प्लास्टिकच्या पायांवर इंच-दीड इंच उचलून बसवावेत. सीट पूर्ण खाली आणि पूर्ण मागे नेऊन तिची चौकट त्यांना टेकत नाही, आणि मागे बसणाऱ्याच्या पायांना हवा सोडणारा पाइप झाकला जात नाही, एवढे पाहावे. सीटच्या रुळाखाली वायर चिमटली तर नाही ना, हेही पाहावे. सीटखाली यंत्र असलेल्या गाड्यांत अशी चिमटलेली वायर वारंवार आढळते.

विक्रोळी_हॅचबॅक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ओळखीच्या एका इलेक्ट्रिशियनला सोबत घेऊन रविवारी सगळे उघडून पाहिले.

बॅटरीजवळ फ्यूज होता. गाडी बंद केल्यावरही अ‍ॅम्पचा हिरवा दिवा चालूच होता, आणि डेकमागे लाल व पिवळी वायर खरोखरच एकत्र पिळलेली निघाली. ती वेगळी करून लाल वायर किल्लीच्या वायरीला जोडली. अर्थचा लग चालकाच्या सीटच्या मागच्या बोल्टखाली होता आणि त्याखाली गंजाचा थर होता. गालिच्याखाली पत्र्यावर स्वतंत्र बोल्ट घेऊन, जागा घासून तो बसवल्यावर शिट्टी पूर्ण थांबली. अँटेनाची निळी वायर टेप लावून मोकळीच सोडलेली होती. ती जोडल्यावर एफएम गोल्ड आणि १०७.१ वरचे रेनबो दोन्ही स्वच्छ लागले. वडिलांच्या दृष्टीने दुरुस्ती येथेच पूर्ण झाली आहे.

डाव्या दरवाज्याची भोके चिखलाने बुजलेली होती, पडदा अर्धा फाटलेला होता आणि रिंग फुगलेली होती. भोके मोकळी केली, पडदा चिकटवला, रिंगचे माप नेले आहे. स्पीकर काढून मीटरने पाहिला तर ३.४ ओहम दाखवतो, परंतु बोटांनी कोन समतोल दाबला की आत काहीतरी घासल्याचे जाणवते.

आता दोन शंका आहेत. हा एकच स्पीकर बदलावा की जोडी? आणि दुकानदार म्हणतो की अ‍ॅम्प कमी शक्तीचा असल्यामुळे आवाज वाढवल्यावर फाटतो, म्हणून मोठा घ्यावा. हे कितपत खरे आहे? स्क्रीनवरच ४५ वॉटचे चार चॅनेल लिहिलेले आहेत.

ध्वनिमुद्रण_गोरेगाव

दुसऱ्या शंकेचे उत्तर देतो. डेकवर लिहिलेले ४५ किंवा ५० वॉट हे क्षणिक शिखराचे आकडे असतात. १४.४ व्होल्टवर चालणाऱ्या आणि ४ ओहमचा स्पीकर हाकणाऱ्या डेकमधील आयसीमधून सातत्याने, स्वच्छ अशी साधारण १८ ते २० वॉट शक्ती मिळते. त्यापलीकडे विजेचे गणितच परवानगी देत नाही. अ‍ॅम्प किंवा स्पीकर घेताना आरएमएस, म्हणजे सातत्याने मिळणारी शक्ती, म्हणून दिलेला आकडाच पाहावा.

आवाज फाटतो तो बहुधा गेन (डेकच्या संकेताशी माप जुळवणारे बटण) आणि बास बूस्ट (खर्ज वाढवणारे बटण) यांमुळे. आवाजाची पातळी ३ डेसिबलने वाढवायची तर शक्ती दुप्पट लागते, म्हणून बास बूस्टचे बटण ९ डेसिबलवर नेणारा माणूस त्या पट्ट्यात आठपट शक्ती मागत असतो. ती अ‍ॅम्पकडे नसते. मग लहरींचे माथे सपाट कापले जातात, आणि अशा कापलेल्या लहरींतील वरच्या स्वरांची जादा ऊर्जा ट्विटर जाळते. अनेक ट्विटर लहान अ‍ॅम्पला अशा रीतीने ताणल्यामुळेच गेलेले असतात, आणि म्हणून दुकानदाराच्या म्हणण्यात अर्धे सत्य आहे. परंतु मोठा अ‍ॅम्प आणण्यापूर्वी आहे तो नीट लावून पाहावा.

बास बूस्ट, लाउडनेस आणि इक्वलायझर सर्व शून्यावर आणावेत. मोबाइलचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवून स्क्रीनचा आवाज तीन-चतुर्थांशावर न्यावा, आणि स्वच्छ ध्वनिमुद्रण असलेले, ओळखीचे गाणे लावून अ‍ॅम्पचा गेन अगदी खालून हळूहळू वाढवावा. आवाजाची कड खरबरीत वाटू लागली की थोडा मागे घेऊन तेथेच सोडावा आणि पुन्हा त्या बटणाला हात लावू नये. गेन म्हणजे आवाज वाढवण्याचे बटण नव्हे. डेकच्या संकेताशी अ‍ॅम्पचे माप जुळवणे एवढेच त्याचे काम असते. दरवाज्यातील स्पीकरना अ‍ॅम्पवरील हायपास फिल्टर ८० हर्ट्झवर लावावा आणि त्याखालचा खर्ज वूफरकडे सोपवावा. साडेसहा इंची कोनाने ४० हर्ट्झ वाजवण्याचा अट्टहास सोडला की तो मोठ्या आवाजातही स्थिर राहतो आणि गायकाचा आवाज मोकळा होतो. एवढ्या एका बदलाने, मला वाटते, दुकानदाराच्या मोठ्या अ‍ॅम्पची आठवण राहणार नाही.

इंजिन बंद असताना ही यंत्रणा फार वेळ वाजवू नये. विशेषतः वूफर चालू असताना बॅटरी १२.६ व्होल्टवरून १२.२ वर, म्हणजे जवळपास अर्ध्यावर, लवकर येते. काचा बंद असलेल्या लहान गाडीत आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आठ तास चालतात आणि पुढे दर ३ डेसिबलला तो अवधी निम्मा होतो. त्या हिशेबाने ९४ डेसिबलला एकच तास उरतो, आणि पूर्व द्रुतगती मार्गावरच्या गर्दीत तेवढा वेळ एका फेरीतच जातो. शिवाय मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगाही ऐकू येत नाही. रात्री दहानंतर निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे, तेव्हा आवारात शिरताना वूफर बंद करणे शेजाऱ्यांच्या आणि आपल्याही हिताचे.

स्क्रीन कोरड्या किंवा किंचित ओलसर मायक्रोफायबरने पुसावी. काचेचा अमोनियायुक्त फवारा तिच्यावरचा थर उडवतो. डॅशबोर्डचे पॉलिश ट्विटरच्या जाळीवर जाऊ देऊ नये. जाळीतील धूळ मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमच्या हलक्या ओढीने काढावी.

ऑटोइलेक्ट्रिक_माटुंगा

३.४ ओहम म्हणजे कॉइल शाबूत आहे. ४ ओहमचा स्पीकर मीटरवर थोडा कमीच दाखवतो. घासण्याचे कारण फटीतला गंज किंवा कोन तिरका होणे. स्पीकर दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून त्याचे रीकोनिंग (कोन नवा बसवणे) करून घेता येते, पण लहान स्पीकरच्या बाबतीत तो खर्च नव्याच्या जवळ जातो.

तीच कंपनी आणि तेच मॉडेल सुटे मिळत असेल तर केवळ डाव्या दरवाज्यातला वूफर, म्हणजे ट्विटर सोडून उरलेला मोठा स्पीकर, बदलावा. ट्विटर आणि क्रॉसओव्हर (दोघांना स्वर वाटून देणारी पेटी) यांना हात लावण्याचे कारण नाही. मॉडेल बंद झाले असेल तर मात्र दोन्ही दरवाज्यांतले वूफर एकसारखे घ्यावेत, कारण दोन निराळ्या स्पीकरची संवेदनशीलता जुळत नाही आणि गायक एका बाजूला सरकलेला ऐकू येतो. घेताना ४ ओहम, अ‍ॅम्पच्या आरएमएसशी जुळणारी क्षमता आणि चुंबकाची खोली पाहावी. खोल स्पीकर बसवला तर काच खाली घेताना ती चुंबकावर आदळते. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाउसच्या दुकानांत जाताना जुना स्पीकर सोबत न्यावा. बिल पक्के घ्यावे.

ते बिल आणखी एका कामाला येईल. कंपनीने बसवून न दिलेली विद्युत उपकरणे पॉलिसीत स्वतंत्रपणे नोंदवलेली नसतील, तर नुकसान झाल्यावर विमा कंपनी त्यांचे पैसे सहसा देत नाही. नूतनीकरणाच्या वेळी स्क्रीन, अ‍ॅम्प, स्पीकर आणि वूफर यांची किंमत सांगून आयएमटी २४ हे पृष्ठांकन (पॉलिसीला जोडायचे कलम) जोडून घ्यावे, आणि पॉलिसीच्या कागदावर ती रक्कम विद्युत उपकरणांच्या रकान्यात छापून आली आहे याची खात्री करावी.

उजव्या दरवाज्याचा पॅडही याच फेरीत उघडावा. तेथेही तीच रिंग आणि तोच फाटलेला पडदा निघण्याची शक्यता मोठी आहे.